मत्स्यबीजाचा वाहतूक-ताण

मत्स्यबीजाचा वाहतूक-ताण म्हणजे पकडणे, मोजणे, पिशवीत भरणे, प्रवास करवणे आणि नव्या पाण्यात सोडणे या क्रियांमुळे संवर्धित माशांच्या पिल्लांच्या शरीरात घडणारे बदल होत. हा ताण ओसरण्यास काही तासांपासून काही दिवसांपर्यंतचा काळ लागतो. पिशवीतून जिवंत बाहेर पडलेली पिल्ले पुढच्या दोन-चार दिवसांत मरू शकतात. या उशिरा होणाऱ्या मरतुकीमुळे हा विषय मत्स्यव्यवसायात महत्त्वाचा ठरतो.

भंडारा जिल्ह्यातील संदर्भ

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी आदी तालुक्यांत जुने मालगुजारी तलाव (स्थानिक बोलीत ‘मामा तलाव’) व बोड्या मोठ्या संख्येने आहेत. यांतील अनेक तलावांच्या बांधणीचे श्रेय कोहळी समाजाला दिले जाते, तर त्यांतील मासेमारी परंपरेने ढिवर समाजाकडे आहे. आज मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेऊन त्यांत कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडतात.

हे तलाव मूलतः धानाच्या सिंचनासाठी आहेत. पावसाळ्यात ते भरतात, पावसाने ओढ दिली की त्यांतले पाणी धानाला जाते आणि उन्हाळ्यात अनेक तलाव आटतात. त्यामुळे बीज सोडण्याची संधी वर्षातून एकदाच, साधारणतः जुलै-ऑगस्टमध्ये मिळते. मेलेली पिल्ले तळाशी जातात किंवा खाल्ली जातात, म्हणून नुकसान डोळ्यांना दिसत नाही; ते जाळे ओढताना कळते, आणि तोवर हंगाम गेलेला असतो. बियाण्याचा खर्च व ठेक्याची रक्कम मात्र भरलेली असते.

हंडी ते प्राणवायूची पिशवी

प्रमुख कार्प मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी नद्यांतून गोळा केलेले बीज बंगालमधून मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने दूरवर नेले जाई. पाण्यात हवा मिसळावी म्हणून सोबतचा माणूस वाटभर हंड्या हलवीत असे. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधुरी व के. एच. अलिकुन्ही यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर बीज गावाजवळ तयार करणे शक्य झाले, तरी शेवटचा प्रवास टळला नाही. आता तो प्लॅस्टिकच्या पिशवीत होतो. पिशवीत साधारण एक तृतीयांश पाणी व उरलेल्या जागेत प्राणवायू असतो.

शरीरातील बदल

जाळ्याचा स्पर्श होताच पिल्लाच्या रक्तात ॲड्रेनॅलिन व पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढते. साठवलेली ऊर्जा साखरेच्या रूपाने रक्तात येते, श्वसन वेगाने होते आणि प्राणवायूची गरज वाढते. खरी हानी याच्या पुढची असते. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार कितीतरी अधिक असतात. ताणात कल्ल्यांतून क्षार बाहेर झिरपतात व पाणी आत शिरते. हाताळणीत अंगावरचा बुळबुळीत थर व खवले निघाल्यास ही गळती वाढते, शिवाय जखमेवर कापसासारखी बुरशी धरते. सौम्य ताणानंतर कॉर्टिसॉल बहुधा एक-दोन दिवसांत पूर्वपदावर येते. क्षारांचा तोल व रोगप्रतिकारशक्ती सावरण्यास अधिक वेळ लागू शकतो.

वाहतुकीपूर्वीची तयारी

पिल्लांना प्रवासापूर्वी सुमारे एक दिवस उपाशी ठेवून दाटीच्या जागेत, बहुधा बारीक जाळीच्या हाप्यात, ठेवतात. रिकाम्या पोटाची पिल्ले कमी अमोनिया व विष्ठा टाकतात, आणि दाटीचीही त्यांना सवय होते. पाण्यात लिटरमागे 3 ते 5 ग्रॅम साधे मीठ घातल्यास रक्त व पाणी यांतील क्षारांची तफावत घटते. हा उपाय स्वस्त असून सर्वत्र उपलब्ध आहे.

तलावात सोडताना

घाईने पिशवी फोडून बीज ओतणे ही नेहमीची चूक आहे. बंद पिशवी आधी 15 ते 30 मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवतात, म्हणजे तापमान जुळते. ती उन्हात ठेवू नये. प्रवासात पिशवीतील पाण्यात अमोनिया व कार्बन डायऑक्साइड दोन्ही साठतात. कार्बन डायऑक्साइडमुळे सामू खाली राहतो व अमोनिया बव्हंशी निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच वायू उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी बनतो. सामू 7 वरून 8 झाल्यास विषारी अंश जवळपास दहापट होतो. म्हणून पिशवी उघडल्यावर तलावाचे पाणी थोडेथोडे मिसळून पिल्लांना लवकर बाहेर जाऊ देतात. उघड्या पिशवीत ताटकळत ठेवत नाहीत. हे काम सकाळी किंवा संध्याकाळी करतात.

गांगरलेले पिल्लू पळ काढू शकत नाही, आणि जुन्या तलावांत मरळीसारखे शिकारी मासे असतात. त्यामुळे काठाशी लावलेल्या हाप्यात बीज एक-दोन दिवस ठेवून मग सोडणे अधिक सुरक्षित असते. यात मेलेली पिल्ले मोजताही येतात. मोठ्या बोटुकल्या तुलनेने अधिक जगतात, मात्र एका पिशवीत त्या कमी मावतात व वाहतूक महाग पडते. मरळ हवेतून थेट श्वास घेऊ शकत असल्याने तिला प्राणवायूच्या कमतरतेचा त्रास कमी होतो. हाताळणीच्या जखमांपासून मात्र तीही सुटत नाही.