दोन बाजूंनी उघडणारी वही

रमजान आला की अमरावतीचा इतवारा आणि अकोल्याची ताजनापेठ संध्याकाळी गजबजून जाते. खजूर, कलिंगड, गरम भजी घ्यायला सगळ्याच वस्त्यांतून लोक येतात. बाजारातली बोली सगळ्यांनाच कळते. एखादा सोपा उर्दू शेर कानावर पडला, तर वऱ्हाडी माणूस सहज दाद देतो. तोच शेर उर्दूत लिहून समोर ठेवला की मात्र तो अडतो. कानाला कळतं ते डोळ्याला कळत नाही. मग एकाच गावात मुशायरा वेगळा होतो, कविसंमेलन वेगळं होतं आणि शेजारच्या गल्लीत कोण काय लिहितं, हे ठाऊकच नसतं.

कुरआनचं अवतरण याच महिन्यात सुरू झालं, अशी मुस्लिमांची श्रद्धा आहे. त्यातला पहिला शब्द 'इक्रा', म्हणजे वाच. पुढे लगेच कलमाचा उल्लेख येतो. अशा महिन्यात हातानं घडवलेल्या छोट्या नियतकालिकांची आठवण काढायला हवी.

मराठीत १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या मित्रांनी 'शब्द' सुरू केलं. चित्रे तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचे होते. अंक निघायचा सायक्लोस्टाइलवर. मेण लावलेल्या स्टेन्सिलवर अक्षरं कोरायची, ती यंत्रावर चढवायची, शाई भरायची आणि हँडल फिरवत एकेक पान काढायचं. कोलटकर आणि चित्रे दोघेही कवी आणि चित्रकार. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं 'असो', भालचंद्र नेमाडे यांचं 'वाचा' अशी अनियतकालिकं आली. राजा ढाले, नामदेव ढसाळ यांच्यासारखे दलित तरुणही याच चळवळीतून पुढे आले. मोठ्या मासिकाच्या संपादकाची वाट पाहायची गरज उरली नाही. पदरचे थोडे पैसे आणि दोन-चार मित्र एवढ्यावर अंक निघत होता.

उर्दूत तर हातानं लिहिणं ही छपाईचीच रीत होती. कातिब पिवळ्या कागदावर बोरूनं एकेक ओळ लिहीत, मग ती दगडावर उतरवून छापली जाई. १९८१ मध्ये 'नूरी नस्तालीक' ही संगणकाची अक्षरं आली आणि कातिबांचं काम हळूहळू सुटत गेलं. चेन्नईचं 'मुसलमान' हे १९२७ सालचं दैनिक मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं हातानंच लिहिलं जात राहिलं.

दोन भाषांमधली वाट वऱ्हाडाला नवी नाही. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी उर्दूकडून आलेली गझल मराठीत रुजवली. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. नव्या कवींना तिचे नियम कळावेत म्हणून त्यांनी 'गझलेची बाराखडी' ही छोटी पुस्तिका लिहिली. जे स्वतः शिकले, ते वाटून टाकलं.

आज तर सायक्लोस्टाइलही लागत नाही. एक कोरा कागद तीनदा दुमडला, मधोमध एक काप दिला की आठ पानांची वही होते. झेरॉक्सच्या दुकानात तिच्या हव्या तितक्या प्रती निघतात. त्यात मराठी डावीकडून सुरू करावी, उर्दू उजवीकडून. शेराखाली तोच शेर देवनागरीत, कवितेखाली तीच कविता उर्दू लिपीत द्यावी. चित्राला तर कुठलीच लिपी लागत नाही. अशा वहीला दोन मुखपृष्ठं असतात, मागचं पान कुणाच्याच वाट्याला येत नाही. दोन्ही भाषा मधल्या पानावर भेटतात.

ईदच्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा शेजारी जातो. वऱ्हाडातल्या घरांत असा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. यंदा डब्यासोबत अशी एक वही गेली आणि शेजारच्या घरातल्या कुणीतरी एखादं पान भरून ती परत पाठवली, तर पुढचा अंक तिथूनच सुरू होईल.