‘अन्य गैरवर्तन’ : वकिलांच्या शिस्तविषयक सुनावणीचे स्वरूप

वणी येथे १८८० साली जन्मलेले माधव श्रीहरी उपाख्य बापूजी अणे यांनी १९०८ च्या सुमारास यवतमाळ येथे वकिलीस आरंभ केला. यवतमाळहूनच निघणाऱ्या ‘हरिकिशोर’ या पत्रातील लेखनावरून त्यांची सनद एक वर्षापुरती निलंबित झाली. लोकनायक म्हणून पुढे मान्यता पावलेल्या बापूजींच्या चरित्रात हा प्रसंग बहुधा एका वाक्यात उरकला जातो. परंतु वकिली व्यवसायातील शिस्तीचा विचार करणाऱ्याला तो सहज ओलांडता येत नाही. ज्या लेखनाबद्दल सनद गेली ते राजकीय होते. कोणा अशिलाशी वा दाव्याशी त्याचा संबंध नव्हता. मग त्याची शिक्षा उपजीविकेच्या साधनावर का येऊन पडावी ?

या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी कायद्याच्या शब्दयोजनेत सापडते. त्या काळच्या हिंदुस्थानात वकिलांच्या शिस्तीचा प्रमुख कायदा १८७९ चा होता. त्याच्या तेराव्या कलमात निलंबनाची वा बडतर्फीची कारणे क्रमाने सांगितली होती : पक्षकार वा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सोडून भलत्याकडूनच काम स्वीकारणे, कामात लबाडी वा घोर अनुचित वर्तन करणे, दलालाला मोबदला देऊन कामे मिळविणे, इत्यादी. आणि सर्वांच्या शेवटी ‘अन्य कोणतेही सयुक्तिक कारण’ ही पुस्ती जोडलेली होती. ‘अन्य’ म्हणजे मागील कारणांच्या जातीचेच अन्य, की जगातील वाटेल ते अन्य ? विशेष शब्दांच्या मागून आलेला सामान्य शब्द त्यांचाच रंग घेतो, असा अर्थनिर्णयाचा एक जुना संकेत आहे. तो मानला तर राजकीय लेख बाहेर राहतो. न मानला तर वकिलाचे सारे आयुष्यच कलमाच्या कक्षेत येते. शिवाय हा अर्थ प्रथम लावणार कोण, तर ज्या कनिष्ठ न्यायालयात वकिलाने प्रत्यही उभे राहावयाचे त्याचाच न्यायाधीश. आरोपाची प्रत आणि निदान पंधरा दिवसांची सूचना देऊन तो चौकशी करी आणि अभिप्रायासह अहवाल उच्च न्यायालयाकडे पाठवी. व्यवसायबंधूंना या कामात स्थान नव्हते. १९२६ च्या कायद्याने बार कौन्सिलच्या सदस्यांकडून चौकशीची सोय केली खरी. पण ती उच्च न्यायालयांच्या ॲडव्होकेटांपुरती, आणि अंतिम निर्णय न्यायालयाच्याच हाती राहिला.

१९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने ही रचना मुळातून बदलली. पस्तिसाव्या कलमानुसार तक्रार आल्यावर, किंवा तक्रारीवाचूनही, ‘व्यावसायिक वा अन्य गैरवर्तन’ घडले असे मानण्यास कारण दिसल्यास राज्याचे बार कौन्सिल ते प्रकरण आपल्या शिस्तपालन समितीकडे सोपविते. यवतमाळ, पुसद वा दारव्हा येथील वकिलाच्या बाबतीत हे काम महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलचे आहे. समिती तिघांची असते : दोघे कौन्सिलचे निर्वाचित सदस्य आणि एक बाहेरून घेतलेला अनुभवी वकील. तारीख नेमून ती संबंधित वकिलाप्रमाणेच राज्याच्या महाधिवक्त्यालाही सूचना देते. (बापूजींचे नातू श्रीहरी अणे २०१५-१६ मध्ये महाराष्ट्राच्या याच पदावर होते, हा एक योगायोग.) साक्षीदारांना बोलाविणे, शपथेवर जबान्या घेणे, कागदपत्रे मागविणे, या बाबतींत समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. येथे मराठी भाषेची एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. व्यवहारात ‘सुनावणे’ म्हणजे खडसावणे. कचेरीतील ‘सुनावणी’चा अर्थ मात्र ऐकून घेणे. वकिलाला आपले म्हणणे मांडण्याची संधी न देता समितीने शिक्षेचा आदेश काढला, तर ती सुनावणी राहत नाही, नुसते सुनावणे होते.

आदेश चार प्रकारचे असू शकतात : तक्रार फेटाळणे, ठपका ठेवणे, ठरावीक मुदतीसाठी निलंबन, अथवा नामावलीतून नाव काढून टाकणे. निलंबनाच्या काळात भारतातील कोणत्याही न्यायालयात व्यवसाय करता येत नाही. एका वर्षात काम निकाली निघाले नाही, तर ते भारतीय बार कौन्सिलकडे जाते. राज्य समितीच्या आदेशावर त्याच कौन्सिलकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात, प्रत्येक वेळी साठ दिवसांच्या आत, अपील करता येते.

व्यवसायबंधूंच्या हाती निर्णय आला म्हणून अर्थाचा प्रश्न मिटला, असे मात्र नाही. मुंबईच्या एस्प्लनेड फौजदारी न्यायालयांच्या दारात अशिलांना गाठून, प्रसंगी झोंबाझोंबी करून, कामे मिळविणाऱ्या काही वकिलांना राज्य समितीने दोषी ठरविले. भारतीय बार कौन्सिलच्या समितीने मात्र नियमाचा अक्षरार्थ घेतला : विशिष्ट व्यक्तीकडे विशिष्ट प्रकरणासाठी याचना केल्याचे सिद्ध झाले पाहिजे. त्या आधारे वकील सुटले. राज्य कौन्सिलने अपील करताच, आपल्याच समितीचा निर्णय फिरला म्हणून कौन्सिल ‘व्यथित व्यक्ती’ ठरते काय, असा नवाच शब्दवाद उपस्थित झाला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते व्यथित ठरविले. त्यानंतर नियमाचा संकुचित अर्थही नाकारला, आणि लिखित नियमांच्या यादीने गैरवर्तनाची व्याप्ती संपत नाही, असे म्हटले.

न्यायालयाच्या दारातील झोंबाझोंबीच्या बाबतीत हा निर्णय रास्त वाटतो. परंतु यादी उघडी ठेवणारा तोच तर्क लेखन-भाषणाला लावू म्हटल्यास किती सावधपणे लावावा, याचे उत्तर कलमात नाही. ‘अन्य’ हा शब्द १८७९ च्या कायद्याप्रमाणे १९६१ च्या कलमातही, व्याख्येवाचून, उभा आहे.