नाण्यांनी जुळलेली गट्टी
आमचा बारा वर्षांचा भाचा स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम. हाकेला ओ देत नाही. पण नाण्यांपुढे तासभर बसतो. १९९० चा बाबासाहेबांचा रुपया, शेजारी २०१५ चे दहा रुपये. बाबासाहेब वर, अशोकाचे सिंह खाली, हा त्याचा नियम. आम्ही तो मोडत नाही. समोर न बसता बाजूला बसतो. अशा अनेक मुलांना नजर आणि बोलणे एकदम झेपत नाही. बाजूला बसले की दोघांचे लक्ष नाण्यावर राहते. ‘आधी बोल, मग नाणे’ हा तर सौदाच! तीन महिन्यांनी त्याने स्वतःहून एक नाणे आमच्या तळहातावर ठेवले. विहारात अशा मुलाला ‘हट्टी’ म्हणण्याआधी कार्यकर्त्यांनी त्याची आवड विचारावी, लाउडस्पीकरचा आवाजही कमी करावा.