गळाच्या काठीचा प्रवास

गळाने मासे धरण्याच्या छंदात ज्यांची उमेदीची वर्षे गेली आहेत अशा चार माणसांना एकत्र बसवून मोडलेल्या काठ्यांचा हिशेब मांडावयास सांगितले, तर त्यांपैकी बहुतेक काठ्या माशाच्या ओढीने नव्हे, तर मोटारीच्या दरवाजात, डिकीच्या झाकणाखाली किंवा घरच्या छतावरील पंख्यात मोडल्या, असेच निष्पन्न होईल. खाडीच्या मुखाशी भल्या थोरल्या जिताड्याशी झुंज देऊन जो रॉड धड राहिला, तोच परतीच्या वाटेवर गाडीत दोन तुकडे होऊन हाती यावा, याचा दोष दैवाच्या माथी मारण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु काठीची घडण समजून घेतली म्हणजे यात दैवाचा वाटा फार थोडा असल्याचे ध्यानात येते.

हेन्री सलिवन थॉमस यांचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला, त्या काळी काठ्या नदीकाठच्या मुक्कामापर्यंत हमालाच्या खांद्यावरून अथवा बैलगाडीतून जात. उंची काठी म्हणजे बांबूच्या सहा पट्ट्या तासून व चिकटवून केलेली षट्कोनी काठी असे, आणि पुढे चीनमधील टोंकिन बांबू प्रचारात येईपर्यंत त्यासाठी कलकत्त्याहून जाणाऱ्या बांबूला विलायतेत व अमेरिकेत चांगली मागणी होती. ही काठी भरीव आणि म्हणून पुष्कळ सोशीक. १९६० च्या दशकात इंग्लंडात फार्नबरो येथील सरकारी विमानसंशोधन संस्थेत बळकट कार्बनतंतू सिद्ध झाले, पुढील दशकात त्यांचे रॉड बाजारात आले, आणि हलकेपणाच्या मोबदल्यात सोशीकपणा गेला.

कार्बनचा रॉड ही आतून पोकळ अशी नळी असून तिच्यातील बहुतेक तंतू लांबीच्या दिशेने घातलेले असतात. मासा ओढू लागला म्हणजे भार टोकापासून मुठीपर्यंत क्रमाक्रमाने उतरतो, सारी काठी कमानीसारखी वाकते आणि ज्या दिशेस तंतूंचे बळ आहे त्याच दिशेस ताण पडतो. परंतु आडव्या दाबाला तोंड देण्याची तजवीज तीत फारच थोडी असते. पपईच्या पानाचा लांब देठ हलके हलके वाकविला तर वाकतो, पण चिमटीत दाबताच चपटा होऊन फुटतो, तशीच ही गत. टोकाशी तर काठीची जाडी दीड-दोन मिलिमीटरच उरते. शिवाय दाबाने किंवा शिशाचे वजन खडखडत आपटल्याने पडलेली बारीक चीर लेपाखाली लपून राहते आणि पुढे कधीतरी ऐन झुंजीत, सर्व ताण त्या एका जागी एकवटून, काठी कडाड्कन तुटते. मग दोष बिचाऱ्या कारखानदाराला.

म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वीचा बंदोबस्त अधिक महत्त्वाचा. रीळ काढून वेगळ्या पिशवीत घालावे, शिसे व गळ सोडवून डबीत ठेवावेत. काठीवरील ज्या कड्यांतून दोरा ओवलेला असतो, त्यांपैकी एखाद्या कडीत गळ अडकवून रिळाने दोरा ताणून ठेवण्याची सवय अनेकांना असते. तीत टोक तासन्‌तास वाकलेल्या स्थितीत राहते आणि गळाचा काटा प्रत्येक धक्क्यासरशी कडीला घासतो. या कड्यांच्या आत चिनीमातीसारख्या कठीण द्रव्याचे वलय बसविलेले असते. त्याला नजरेस न येणारा तडा गेला तर दोरा तेथेच कापला जातो. कापसाचा पुंजका कडीतून फिरवून पाहावा, तंतू अडकून राहिले तर कडी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. सांधा सोडविताना दोन्ही हात सांध्यालगत धरून काठी सरळ रेषेत ओढावी. कडीला धरून पिळणारा मनुष्य कडी तरी उखडतो, नाहीतर नळी तरी चिरतो.

सुटे केलेले तुकडे कापडी पिशवीत घालून ती पिशवी कठीण नळीत ठेवणे, यासारखा दुसरा उपाय नाही. परदेशी बनावटीच्या देखण्या नळ्या मिळतात, पण माझ्या मते नळसामानाच्या दुकानातील ७५ मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप एक-दोन साध्या रॉडना, आणि ११० मिलिमीटरचा पाइप मोठ्या कड्यांच्या रॉडना किंवा मोठ्या जुडग्याला, पुरेसा होतो. लांबी सर्वांत मोठ्या तुकड्याहून चार बोटे अधिक ठेवावी, एका टोकाला टोपण पक्के चिकटवावे, दुसऱ्याला आट्यांचे झाकण बसवावे आणि दोन्ही तळांशी स्पंजाची चकती घालावी. ८ फुटी दोन तुकड्यांचा रॉड सुटा केला म्हणजे ४ फुटांचा होतो व लहान मोटारीतही आडवा मावतो.

गाडीच्या आत जागा असेल तर टपाचा विचारच करू नये, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. आत ठेवलेली नळी मात्र मोकळी नसावी. जोराचा ब्रेक लागताच ती भाल्यासारखी पुढे येते आणि तिच्या वाटेत कोणाची मान आहे याची तिला पर्वा नसते. नळीशिवाय रॉड न्यावयाचे झाल्यास छतालगतच्या दोन्ही हँडलांना पट्टे बांधून त्यांत ते अडकवावेत आणि मूठ डिकीच्या बाजूस ठेवावी, म्हणजे झाकण लावताना नाजूक टोक सापडत नाही. टपावर नेणे अपरिहार्य असेल तेव्हा बंद नळीच न्यावी आणि ती कॅरिअरच्या दोन्ही दांड्यांना आवळून बांधावी. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरला मुकाट्याने बसलेले ओझे ८० ला चौपट जोराने ओढले जाते. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून कोकणात जाणाऱ्याने घाटमाथ्यावर एकवार थांबून दोरखंड तपासावे, हे उत्तम.

स्कॉटलंडमधील ट्वीड किंवा स्पे नदीवर साल्मन धरणारे लोक १५ फुटी काठ्या जोडलेल्याच ठेवून, बॉनेटवर व टपावर लोहचुंबकाच्या पकडी लावून, एका डोहावरून दुसऱ्या डोहावर गाडी हाकतात. ही हिकमत त्या मैलभराच्या मंद प्रवासापुरतीच खरी. शिवाय जुन्या लँड रोव्हरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला चुंबक चिकटतच नाही. अमेरिकेत केप हॅटरासच्या वाळूवर चालणाऱ्या गाड्यांच्या पुढल्या बंपरवर उभ्या नळ्यांची रांग असते. हे चित्र पाहून आपल्याकडेही कोणास अनुकरणाचा मोह होईल, तर त्याने एवढे लक्षात ठेवावे की दोन फूट उंचीच्या बंपरवर उभा केलेला १२ फुटी रॉड १४ फुटांवर पोहोचतो, आपल्या गावांतील विजेच्या तारा कोठे किती लोंबतात याची हमी कोणी देत नाही, आणि कार्बन हा विजेचा वाहक आहे. मोटारसायकलवर पाठीशी उभी पिशवी बांधून जाणाऱ्यालाही हीच खबरदारी लागू.

परतल्यावर काठी गोड्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळल्याखेरीज नळीत बंद करू नये; ओलसर नळीत मुठीच्या बुचाला बुरशी येते आणि खारटपणाने कड्यांच्या चौकटी गंजतात.

खिडकीची काच उतरवून काठ्यांची टोके हातभर बाहेर काढण्याचा प्रकार मात्र सर्वस्वी निषिद्ध समजला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने अशी तरतूद केली आहे की, गाडीवरील माल बाजूंस, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेल्यास २०,००० रुपये दंड व्हावा आणि तो माल उतरविण्याचा खर्चही वाहनचालकावर पडावा. दंडाची गोष्ट क्षणभर सोडून दिली, तरी बाहेर आलेले ते बारीक टोक शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या बरोबर डोळ्यांच्या उंचीवर येते व संध्याकाळच्या उजेडात त्याला दिसतही नाही. तेव्हा जो रॉड गाडीत मावत नसेल तो त्या दिवसापुरता घरी ठेवून लहान रॉड बरोबर घ्यावा, अशी या छंदातील मंडळींना माझी आग्रहाची विनंती आहे.