भूशिर आणि द्वीपकल्प
भूशिर म्हणजे समुद्रात पुढे आलेले किनाऱ्याचे उंच, खडकाळ टोक. ते आणि द्वीपकल्प (तीन बाजूंनी पाणी असलेला विस्तीर्ण भूभाग) पुष्कळदा एकच समजले जातात. जपानमध्ये इझू हे द्वीपकल्प, तर त्याच्या दक्षिण टोकाचे इरोझाकी हे भूशिर.

भूशिर समुद्रात घुसल्यासारखे दिसते, पण बहुधा घडलेले असते उलट. जुना लाकडी उंबरठा झिजतो आणि कठीण गाठ वर राहते, तसा मऊ खडक लाटांनी मागे हटतो आणि टणक टोक उरते. जपानच्याच शिकोकू बेटावरच्या आशिझुरी भूशिराचे कडे अशाच टणक ग्रॅनाइटचे आहेत. त्याच बेटावरच्या मुरोतो भूशिराची गोष्ट मात्र विलक्षण आहे: तिथली जमीन भूकंपांनी उचलली जाते. १९४६ च्या नानकाई भूकंपात ती सुमारे एक मीटर वर आली.