उन्हाळ्यातील रशियन शाळा

अमेरिकेच्या ईशान्येस व्हर्माँट राज्यात, ग्रीन माउंटन्सच्या पायथ्याशी, मिडलबरी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील महाविद्यालयाचे नेहमीचे विद्यार्थी उन्हाळी सुटीत घरोघर पांगले, की त्यांच्या रिकाम्या वसतिगृहांत निरनिराळ्या भाषांची बिऱ्हाडे येऊन उतरतात आणि काही आठवड्यांच्या मुदतीपुरता त्या आवारातील इंग्रजीचा अंमल जवळजवळ संपुष्टात येतो. ह्या शिरस्त्यास १९१५ साली व्हॅसार महाविद्यालयाच्या प्राध्यापिका लिलियन स्ट्रोबे यांनी काढलेल्या जर्मन शाळेपासून आरंभ झाला, आणि रशियन शाळा त्यांत १९४५ साली, महायुद्ध संपले त्या वर्षी, सामील झाली. नवख्या विद्यार्थ्याचा मुक्काम तेथे आठ आठवडे असतो. पण त्याला प्रथम लिहून द्यावे लागते ते असे की, ह्या अवधीत आपण शिकावयाच्या भाषेखेरीज दुसऱ्या कोणत्याही भाषेत संभाषण करणार नाही. हा केवळ उपचार नव्हे. करार वारंवार मोडणाऱ्यास गाशा गुंडाळावा लागतो.

रशियनच्या बाबतीत ह्या कराराचा जाच विशेष जाणवतो. ३३ अक्षरांची वर्णमाला थोड्या दिवसांत उरकते खरी, परंतु छापील अक्षरे ओळखू येऊ लागली न लागली तोच शिक्षक फळ्यावर लपेटीदार हस्ताक्षरात लिहू लागतात आणि त्या वळणात ‘त’चे अक्षर इंग्रजी ‘एम’सारखे, तर ‘द’चे अक्षर ‘जी’सारखे दिसत असल्यामुळे, विद्यार्थ्याचे पूर्वज्ञान त्याच्या साहाय्यास येण्याऐवजी त्याचीच वाट अडवून उभे राहते. त्यापुढे सहा विभक्ती, नामांची तीन लिंगे, आणि शब्दागणिक जागा बदलणारा आघात. हा आघात ज्या स्वरावर नसेल तो स्वर उच्चारात फिका पडतो, म्हणून लिहावयाचे ‘मोलोको’ आणि म्हणावयाचे ‘मलाको’ असा प्रकार होतो.

वर्ग सकाळी भरतात, दुपार अभ्यासात जाते, संध्याकाळी गायन, चित्रपट, व्याख्याने असतात. परंतु शाळेचे निम्मे अध्यापन भोजनगृहातच होते, असे माझे मत आहे. शिक्षक आणि विद्यार्थी तेथे एकाच मेजावर बसतात. चहात दूध हवे असणाऱ्यास तेथे नुसते ‘मलाको’ म्हणून भागत नाही. दुधासह म्हणावयाचे तर तृतीया लावून ‘स मलाकोम’, आणि दुधाशिवाय म्हणावयाचे तर षष्ठी लावून ‘बेझ मलाका’. वर्गातील कोष्टकात हीच रूपे पन्नासदा गिरवूनही जो चुकतो, तो चहा निवण्याच्या आत ती अचूक म्हणू लागतो. इंग्रजीभाषकास नामाने आपले अंग असे बदलावे हेच प्रथम विपरीत वाटते. आपल्या वाचकास तसे वाटण्याचे कारण नाही, कारण दुधाचे ‘दुधाने’ आणि घोड्याचे ‘घोड्यावर’ करताना सामान्यरूपाचा हा खटाटोप आपण विनातक्रार करीत आलो आहो. नपुंसकलिंगाचेही आपणांस नावीन्य नाही. क्रियापदांच्या बाबतीतही आपणांस थोडा आधार सापडतो: क्रिया चालू होती की तडीस गेली, एवढ्यासाठी रशियन भाषा बहुधा दोन निरनिराळी क्रियापदे बाळगते, आणि ‘पत्र लिहीत होतो’ व ‘पत्र लिहून टाकले’ ह्यांतील अंतर ज्याच्या कानास उपजत कळते त्यास ही व्यवस्था निदान अन्यायाची वाटणार नाही. गमनार्थक क्रियापदांपुढे मात्र आपण आणि अमेरिकी विद्यार्थी सारखेच निराधार. पायी की वाहनाने, एका दिशेने की जाऊन येऊन, हे ठरविल्यावाचून तेथे ‘जाणे’ शक्यच नसते, आणि न्यूयॉर्कला पायी निघाल्याचे भर पंगतीत जाहीर करणारा महाभाग दरसाल एखादा तरी निघत असावा.

ह्या पद्धतीचे मर्म केवळ अधिक तासांत आहे असे म्हणणाऱ्यांनी थोडा हिशेब करावा. दिवसास चार तास, आठवड्याचे पाच दिवस, आठ आठवडे, म्हणजे एकशेसाठ तास झाले; आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षणसंस्था आपल्या अधिकाऱ्यांस कामापुरती रशियन येण्यास सुमारे ४४ आठवडे व ११०० तास धरते. एका उन्हाळ्यात त्याचा सातवा हिस्सा पदरी पडतो. तरीही ह्या शाळेतून निघालेला मनुष्य अडखळत का होईना पण न घाबरता बोलतो, कारण दोन महिने त्याला दुसरा उपायच ठेवलेला नसतो. राज्यशास्त्रावर प्रबंध लिहिलेल्या पंडितास ‘हे माझे पुस्तक आहे’ एवढेच सांगता यावे आणि विनोद करण्याची सोयच नसावी, ही मानखंडना सोसण्याची तयारी प्रौढ वयात फार थोड्यांची असते. येथे ती सर्वांनीच सोसावयाची असल्यामुळे तिची लाज उरत नाही.

अशा शाळांच्या पटावरील संख्या राजकारणाबरोबर चढत-उतरत आली आहे. ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठाने स्लाव्ह भाषांचा उन्हाळी वर्ग १९५० साली काढला. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुत्निक सोडताच वॉशिंग्टनची झोप उडाली आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा मंजूर होऊन भाषाशिक्षणास सरकारी खजिना मोकळा झाला. चेखव वाचण्याच्या हौसेने जे पैसे मिळाले नसते ते अवकाशात फिरणाऱ्या एका धातूच्या गोळ्याने मिळवून दिले, ह्याचे साहित्यप्रेमी माणसास थोडे वैषम्य वाटल्यावाचून राहत नाही. मिडलबरीची रशियन शाळा आज जिच्या नावाने ओळखली जाते ती कॅथरिन वॉसरमन डेव्हिस ही मात्र निराळ्या वृत्तीची बाई. तरुणपणी १९२९ साली तिने घोड्यावरून कॉकेशसचा प्रवास केला, आणि पुढे वयाच्या शंभराव्या वर्षी तरुणांच्या शांतताकार्यासाठी दहा लक्ष डॉलर दिले. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर आक्रमण झाल्यावर मॉस्को-पीटर्सबर्गच्या वाटा बंद झाल्या, आणि उन्हाळ्यानंतरच्या पुढच्या शिक्षणासाठी विद्यार्थी अल्माटी, येरेवान अशा नगरांकडे वळले. रशियन ही केवळ रशियाचीच भाषा नव्हे, हे त्यांना अशा रीतीने नाइलाजाने का होईना, उमगले.

आठ आठवड्यांनंतर विद्यार्थ्यास बाजारहाट करता येते, सोपी बातमी शब्दकोश हाताशी घेऊन उलगडता येते. तॉलस्तॉय अद्याप दूरच असतो. ऑगस्ट सरून विद्यार्थी आपल्या इंग्रजी गावी परतला, की कराराचा धाक नाहीसा होतो आणि कमावलेले झपाट्याने ओसरू लागते. म्हणून पुष्कळजण पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज करतात. तेव्हा आरंभीच घेतली जाणारी पातळीपरीक्षा त्यांची बसण्याची जागा ठरविते, आणि कधी कोठे प्रत्ययच गळून पडलेले, तर कधी ‘ओव’ वा ‘एय’ लावून आलेले षष्ठीचे अनेकवचन, गेल्या वर्षी आपण जिंकले अशी ज्यांची खात्री होती त्यांना पुन्हा पहिल्याच दिवशी पकडते.