मागील आसाचा शाफ्ट आखूड करताना

जुन्या मोटारीचे मागील ड्रम ब्रेक काढून तेथे डिस्क ब्रेक बसवण्याचा खटाटोप अमेरिकेतील हौशी मंडळी घरच्या गॅरेजातच करतात. ज्या रचनेत ड्रममागची पत्र्याची तबकडी आसाची नळी व बेअरिंगची कडी यांमध्ये आवळलेली असते, तेथे डिस्कसाठी पातळ पट्टी आली की शाफ्ट तितकाच आत सरकतो आणि त्याचे टोक डिफरेन्शियलच्या मधल्या खुंटीवर टेकते. प्रश्न दोन-तीन मिलिमीटरांचाच. पण चाक जड फिरते व बेअरिंगवर ताण येतो.

पट्टीची उणी जाडी चकती घालून भरता आली तर उत्तमच. अन्यथा शाफ्ट आतील, दातेरी टोकाकडूनच घासावा. मधोमध कापून सांधणे हा निव्वळ अविचार होय, कारण अशा आसात इंजिनाचा पीळच नव्हे, तर मोटारीचे वजनही याच दांड्यावर असते. आतल्या टोकाला खिट्टी लावून शाफ्ट अडकवलेला असेल, तर घासण्याचा मार्गही बंद.

पृष्ठभागाला पाणी दिलेले असल्याने करवत त्यावरून घसरते. ग्राइंडरच लागतो, आणि वारंवार थांबून टोक थंड करावे लागते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला पोलाद निळे पडते. दातांवर तो निळा डाग दिसला की तेथले पाणी उतरले असे समजावे. घासल्यानंतर दात गिअरमध्ये पुरेसे अडकतील ना, हे मात्र आधीच मोजलेले बरे.